नव्या मुलांच्या हाती पहिल्याच दिवशी लेझीगिट द्यावं का?

खटपट्या
टीममध्ये नवीन कुणी आलं की मी त्याला लगेच लेझीगिट टाकून देतो. यावरून ऑफिसात दोन तट पडलेत. ज्यांनी वापरलं नाही त्यांच्यासाठी: जेसी डफिल्ड यांनी गो भाषेत लिहिलेला, २०१८ पासूनचा हा टर्मिनलमधला प्रोग्राम; कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट कमांडी टाइप न करता कळींनी चालवायला. डावीकडे फाइल्स, ब्रँच (कामाची वेगळी शाखा), कमिट (बदलांची पक्की नोंद), स्टॅश (तात्पुरते बाजूला ठेवलेले बदल) असे चौकोन. स्पेस दाबलं की फाइल स्टेज (पुढच्या कमिटसाठी निवडली), सी म्हणजे कमिट, मोठा पी पुश (सर्व्हरवर पाठवणं), छोटा पी पुल (तिथून आणणं). रोजच्या कामाला एवढं पुरतं. कमांडी सावकाश शिकतील.

जुनं खोड
साफ अमान्य. इंडेक्स (स्टेज केलेले बदल जिथे जमतात तो) म्हणजे काय हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला स्पेस दाबल्यावर काय कळतं? नावाचा रंग बदलला, एवढंच. आणि सर्व्हरवर शिरलात की तिथे नुसतं गिट असतं. आठवडाभर स्टेटस, अॅड, डिफ हातानं टाइप केलं तर कुणी मरत नाही.

शेवंता
सर्व्हरवर कमिट करतंय कोण? त्याला आधी आवरा!
इंडेक्स तर इथेच धड दिसतो. फाइलवर एंटर मारा, बदल ओळीओळीनं समोर येतात, हवी तेवढीच ओळ स्पेसनं उचला. गिट अॅडच्या पॅच मोडमध्ये हंक, म्हणजे बदलांचा तुकडा, आणखी फुटला नाही की एडिटरमध्ये अधिक-उण्याच्या खुणा दुरुस्त करत बसावं लागतं. शिवाय कमांडींचं एवढं कौतुक नको. ब्रँच बदलायला चेकआउट, फाइलमधले बदल उडवायलाही चेकआउट! या दोन कामांसाठी स्विच आणि रिस्टोर अशा वेगळ्या कमांडी आल्या त्या २०१९ मध्ये.

जुनं खोड
स्टेजिंगचं मान्य. रीबेसचं, म्हणजे आधीचे कमिट नव्यानं रचण्याचं, काय? कमिटवर एस दाबलं की स्क्वॉश (खालच्या कमिटमध्ये मिसळणं), डी दाबलं की ड्रॉप (काढून टाकणं), कंट्रोल-जे नि कंट्रोल-के नं क्रम खालीवर. हे इतकं सोपं असूच नये. हातानं रीबेस करताना माणूस यादी वाचतो, थबकतो. पुश झालेल्या ब्रँचवर असले खेळ केले की फोर्स पुश (सर्व्हरवरचा इतिहास जबरीनं बदलणं) आलाच, मग ताप बाकीच्यांना.

खटपट्या
फोर्स पुश गुपचूप होत नाही, आधी विचारतं. तोही फोर्स-विथ-लीज, त्यामुळे मधे दुसऱ्या कुणी काही ढकललं असेल तर सहसा नकारच मिळतो. आणि चुकलंच तर झेड आहे की, रीफ्लॉग (आधी कुठल्या कमिटवर होतो याची गिटनं ठेवलेली नोंद) बघून मागे नेतं.

तिरकस
झेडच्या भरवशावर राहू नका हो. ते कमिट आणि ब्रँचपुरतं. फाइल्सच्या चौकोनात डी दाबून बदल टाकून दिले, तर कमिट न केलेलं ते काम रीफ्लॉगमध्ये नसतंच, झेड आणणार कुठून? ही गोष्ट तुम्ही पहिल्या दिवशी सांगता का?

खटपट्या
सांगतो. शंका असेल तर डी ऐवजी एस, म्हणजे स्टॅश. बाकी सगळं नंतर.

शेवंता
आमच्याकडे कमांड लॉगचा चौकोन बंद करायला मनाई आहे. प्रत्येक कळीमागे गिटची कुठली कमांड चालली ते तिथे उमटतं.

जुनं खोड
लॉग वाचतंय कोण! माझी अट एकच: पहिला महिना रीबेस हातानं. स्टेज-कमिटला वापरा खुशाल. मी स्वतः टिग (गिटसाठीचा असाच टर्मिनलमधला प्रोग्राम) वापरतो, पण फक्त इतिहास बघायला.

तिरकस
काका, टिगमध्येही यू दाबून फाइल स्टेज होते. दाबून बघितलं नाहीत कधी?