मदत हवी आहे : पेत्राला गप्प बसता आलं असतं का?

नमस्कार मंडळी. आमच्या बायबल अभ्यासात मत्तय 26 वा अध्याय चालू आहे आणि मी एका जागी अडकलोय. कोंबडा आरवण्याआधी तू मला तीनदा नाकारशील, असं येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, आधीच सांगतो, आणि तसंच घडतं. मग येशूला पकडल्यावर त्या रात्री अंगणात लोकांनी विचारलं, तेव्हा पेत्राला खरं बोलण्याची मोकळीक होती का? नसेल, तर तो नंतर ढसाढसा रडतो कशासाठी?

रोमन तत्त्वज्ञ बोएथियसचं उत्तर वाचलं. सहाव्या शतकात तुरुंगात बसून त्याने लिहिलं, की देव काळाच्या बाहेर आहे. तो पुढचं 'आधी' पाहत नाही, सगळंच त्याच्यासमोर आत्ता आहे. आणि पाहिल्याने कुणाला तसं वागणं भाग पडत नाही. छान. पण इथे देवाने नुसतं पाहिलं नाही, पेत्राला तोंडावर सांगितलं! तेही काळाच्या आत, काही तास आधी.

मग स्पॅनिश धर्मशास्त्रज्ञ मोलिनाचं उत्तर (1588). अमुक परिस्थितीत माणूस स्वतःहून काय करील, हेही देव जाणतो. याला आधार 1 शमुवेल 23 : कईला गावाचे लोक तुला, तुझ्या मागावर असलेल्या शौल राजाच्या हाती देतील, असं देव दाविदाला सांगतो, दावीद निघून जातो आणि तसं घडतच नाही. हे मला जास्त पटतं. पण ती परिस्थिती जुळवून आणणारा देवच ना?

रोमकरांस पत्राचा 9 वा अध्याय, कुंभार आणि माती (मातीचं काय करायचं हा कुंभाराचा अधिकार, तसा माणसावर देवाचा), माहीत आहे. त्याने माझी अडचण वाढतेच. कॅल्व्हिनच्या बाजूचं, म्हणजे सगळं देवानेच आधी ठरवलंय असं मानणारं, कुणी असेल तर पेत्राचंच उदाहरण धरून समजावाल का? मराठीत या विषयावर वाचण्यासारखं काही असेल तर तेही सुचवा.