स्ट्रॉबेरीत अळ्या पडल्यात, काय करू?

वेर्लेकार: नमस्कार मंडळी. गोव्यात नेत्रावळीच्या वर वेर्ल्यात आमची अर्धा एकर स्ट्रॉबेरी आहे, रोपं महाबळेश्वरची, विंटर डॉन जातीची. डिसेंबर-जानेवारी मस्त गेला, पण फेब्रुवारी संपता संपता पिकलेल्या फळात बारीक पांढऱ्या अळ्या. काल एका गिऱ्हाइकानं रस्त्यावरच बॉक्स उघडून फळ फोडून दाखवलं, मान खाली घालायची पाळी आली. वरून लालभडक, एका जागी फक्त बोटाला मऊ लागतं. दुकानदार म्हणतो जहाल औषध मार, पण आम्ही एक दिवसाआड तोडतो, मग मारायचं कधी आणि विकायचं कधी?

कुळागरवाला: आधी अळी नीट बघ रे. तपकिरी डोकं आणि पाय असतील तर पतंगाची, बिनपायाची आणि एका टोकाला निमुळती असेल तर माशीची. कपभर पाण्यात चमचाभर मीठ घाल, फळं हलकी चेपून त्यात बुडव, पंधरा-वीस मिनिटांत अळ्या आपसूक बाहेर येतात. ती फळं मग खायची नाहीत हां.

वेर्लेकार: केलं. १० फळांतून ७ अळ्या, पाय नाहीत.

सावईची_बाय: म्हणजे माशीच, पिकल्या केळ्यांवर घोंघावतात ना त्या जातीची. साधी असेल तर फुटलेल्या, अतिपिकल्या फळात अंडी घालते. तुझं फळ धड दिसतंय म्हणून ठिपक्यांच्या पंखांची तर नाही ना, ते बघ. तिच्या मादीकडे करवतीसारखं दातेरी शेपूट असतं, पिकत आलेल्या चांगल्या फळाची साल कापून आत अंडी घालते, आणि नराच्या पंखाच्या टोकाला काळा ठिपका असतो. बाटलीला बारीक भोकं पाड, आत व्हिनेगर आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, सावलीत रोपांच्या बेडजवळ टांग. सापडलेल्या माश्या जुन्या गोव्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखव, नुसत्या अंदाजावर फवारणी नको. आणि बाजूला काजू आहे का? बी काढून बोंडू (काजूची फळं) तिथेच सडत पडले असतील तर तुझ्या माशीचं बाळंतपण तिथेच चाललंय.

कुळागरवाला: बरोबर बोलली बाय. आणि जहाल औषधाचा अनुभव आमचा, मित्रकीटक मेले आणि पंधरा दिवसांत पानाखाली लाल कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, जाळीच जाळी. तोडणी रोज कर, एकही पिकलं फळ झाडावर ठेवू नकोस. खराब निघालेलं बांधावर फेकायचं नाही, काळ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेव.

वेर्लेकार: बोंडू आहेत, ढीगच आहे, पण काजू शेजाऱ्याचा. दरवर्षी उर्राकासाठी, म्हणजे बोंडूच्या रसाच्या दारूसाठी, एक बोंडू खाली राहत नाही, यंदा त्याची भट्टी बंद आहे म्हणून सगळं सडतंय. आत्ताच त्याच्याकडे जाऊन आलो, म्हणतो तूच उचल आणि तूच भट्टी लाव.