कोलामपोडावरची शाळा, सतरा लेकरं आणि एक डफ: गाण्यातून शिकवणाऱ्यांनी सल्ला द्या

पोडावरची_मॅडम
नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी तालुक्यात, कोलाम आदिवासींच्या पोडावर म्हणजे वस्तीवर, द्विशिक्षकी शाळा आहे आमची. पहिली-दुसरीची 17 लेकरं माझ्याकडे. 11 घरी कोलामी बोलतात, 3 गोंडी, बाकी मराठी. एका पोरीच्या कानाला मशीन आहे. एक पोरगा अक्षरं सगळी ओळखतो, पण शब्द जुळत नाही. एक जण बोलताना अडखळतो.

मला गाता बरं येतं, म्हणून पाढे, बाराखडी, महिने सगळं डफावर चालीत बसवलं. परवा साहेब आले. लेकरांनी बेचा पाढा असा ठणकावला की ते खूश. मग त्यांनी एकीला विचारलं, "बे सक किती?" तिनं डोळे मिटले, "बे एके बे"पासून गाडी सोडली आणि थेट "बे दाहे वीस"ला जाऊन थांबली. सगळे हसले. मला रात्रभर झोप नाही. चाल शिकवली की गणित?

शिवाय आमचे सर म्हणतात, वर्गात मंद शास्त्रीय संगीत लावलं की बुद्धी वाढते. स्पीकरही आणला त्यांनी. लावू का?

झाडीतला_दंडारवाला
हसू नका मॅडम, पण पोरगी बारा नंबरचं स्टेशन सोडून पुढं गेली म्हणायची 😀

चाल म्हणजे स्लॅबचं सेंट्रिंग. स्लॅब पकडला की काढावंच लागते, ते कोणी काढत नाही. मी असं करतो: "बे सक" मी म्हणतो, एक थाप रिकामी, मग लेकरांनी फक्त "बारा". आठवडाभर क्रमानं, मग उलटसुलट. त्यानंतर डफ खुंटीला. रिकाम्या थापेत जो विचार होतो ना, तोच पाढा.

सातपुडा_मास्तर
मेळघाटात धारणीकडं कोरकू आदिवासी लेकरांत बरीच वर्षं काढली, त्यातून दोन गोष्टी सांगतो.

आधी तुमचा न जुळणारा पोरगा. त्याला "कमळ" कसं शिकवता? क, म, ळ असंच ना? तोंडानं मात्र आपण क-मळ म्हणतो. अक्षरं तीन, टाळ्या दोन. "बदक" दोन टाळ्या, "घर" एकच. पोरगा क-म-ळ वाचतो आणि त्याच्या ओळखीचा शब्द त्यात सापडतच नाही. म्हणून पाटी बाजूला ठेवा. आधी शब्द बोलून टाळ्या, मग तोंडाला थांबा कुठं येतो ते खड्यांनी मांडा, अक्षर सगळ्यात शेवटी. एका पोराला असं तीन आठवडे बसवलं होतं. "मगर" स्वतः जुळवल्यावर गडी वर्गाबाहेर पळाला आणि खिचडीवाल्या मावशीला सांगून आला.

दुसरं, भाषा. कोलामी आणि गोंडी द्रविड कुळातल्या. तिथं व्याकरणात पुरुष एका खणात. बाई, बैल, दगड बहुतेक दुसऱ्या. आपलं तो-ती-ते त्या लेकराला जुलूमच वाटणार. (कोरकूचं कूळ आणखी वेगळं, ती संथाली-मुंडारीची बहीण.) तेव्हा "माझा शाळा" म्हणाला तर लाल शाई काढू नका. "माझा हात, माझी मान, माझं नाक" असं अंगाला हात लावत डफावर घ्या. व्याकरण न सांगता कानात बसतं. आणि गाणी फक्त तुमचीच कशाला? एखाद्या आजीला बोलवा, ती कोलामीत गाईल, लेकरं तुम्हाला अर्थ सांगतील. त्या दिवशी मॅडम कच्च्या आणि लेकरं हुशार. मागं बसणारं पोट्टं पुढं येतं की नाही बघा.

स्पीकर सरांना परत द्या. मोझार्ट या जुन्या युरोपी संगीतकाराचं संगीत ऐकून बुद्धी वाढते, हे प्रकरण 1993च्या एका प्रयोगाचं. कॉलेजची मुलं होती, आकृत्यांच्या एका कसोटीत गुण वाढले आणि परिणाम पाव तासाच्या आत ओसरला. लहान लेकरांच्या बुद्धीचा त्यात संबंधच नव्हता. वाचताना मागं शब्दांचं गाणं असेल तर उलट घोटाळा होतो, दोन्हीकडचे शब्द एकाच डोक्यात भांडतात.

फिरती_ताई
विशेष शिक्षिका आहे, महिन्यातून दोन-तीन शाळा तरी होतात. मशीनवाल्या पोरीबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

मशीन शब्द आणि गोंगाट दोन्ही मोठे करतं. पत्र्याच्या खोलीत झांजा वाजल्या तर तिच्या कानात काय होत असेल विचार करा. ती मशीन काढून दप्तरात ठेवते का? ठेवत असेल तर हट्टीपणा समजू नका. झांज बंद, डफ चालेल. तिला पहिल्या रांगेत, तुमचं तोंड दिसेल असं बसवा. फळ्याकडं तोंड करून गाऊ नका. गाण्याचे शब्द आधी सावकाश, बिनचालीचे सांगा. आणि डफाच्या कडीला तिचा हात लावू द्या, ठेका हाताला कळतो.

अडखळणारे बरेचसे गाताना अडखळत नाहीत, सगळ्यांबरोबर वाचतानाही नाही. म्हणून त्याला एकट्याला उभं करण्याआधी जोडीनं वाचू द्या. पण "गातो तर नीट, मग बोलताना काय होतं?" हे वाक्य वर्गात कोणाच्याही तोंडी येऊ देऊ नका.

वऱ्हाडी_बॉर्डर
प्रत्येक लेकराची शिकण्याची शैली ओळखा, दृक् की श्राव्य, असं प्रशिक्षणात सांगितलं होतं आम्हाले. त्याचं काय?

सातपुडा_मास्तर
प्रशिक्षणाचा चहा बरा होता, एवढंच. 2008 साली मानसशास्त्रज्ञांनी त्यावरचं सगळं संशोधन तपासलं. शैलीप्रमाणं शिकवल्यानं जास्त येतं, असा धड पुरावा सापडला नाही. सगळ्यांना दाखवा, ऐकवा, करायला लावा. लेकरांवर शिक्के मारू नका.

पोडावरची_मॅडम
ताई, खरंच मशीन दप्तरात सापडलं. मी दोन महिने ओरडत होते तिच्यावर. आज झांजा कपाटात गेल्या.

रिकामी थाप सुरू केली. पहिल्या दिवशी भयाण शांतता, दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं बोलले. कमळवाल्याला खडे दिलेत, अजून काही नाही, पण पळून गेला नाही हेही खूप. आजीला विचारलं तर म्हणे कापूस वेचून झाला की येते.

एक राहिलं: पावसाळ्यात डफाचं कातडं ढिलं पडतं, आवाज ढब्ब येतो. काय करता?

झाडीतला_दंडारवाला
खिचडीची चूल कशाला आहे! जाळ विझल्यावर निखाऱ्यावर लांबून फिरवून शेका, टणक होते. जवळ नेऊ नका, माझा एक गेला तसाच.