बाहेरच्या देशातल्या लिहिणाऱ्यांशी कसं जोडून घ्यायचं?

प्रश्न: साताऱ्यात आमचा सहा जणांचा ग्रुप आहे, दर रविवारी एकमेकांच्या कथा वाचतो. आता परदेशातल्या अशाच ग्रुपशी देवाणघेवाण करायचीये पण आम्ही सगळे मराठीतच लिहितो, जमेल का?

प्रतिसाद १: जमतं की! अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाचा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्राम १९६७ पासून हेच करतोय, देशोदेशीचे लेखक आपापल्या भाषा घेऊन तिथे राहतात, आपले दिलीप चित्रेही १९७५ ते ७७ तिथे होते. जवळचं हवं तर केरळमधलं कोळीकोड बघा, २०२३ ला युनेस्कोने साहित्य नगरी केलंय, भारतातलं पहिलंच.

प्रतिसाद २: ताई, मोठ्या संस्थेची वाट बघू नका, एकच जोडीदार शोधा. मी नैरोबीच्या मैत्रिणीबरोबर करते, ती स्वाहिलीत लिहिते, मधली भाषा आमची मोडकीतोडकी इंग्रजी. माझ्या कथेत "तिची ओटी भरली" एवढंच वाक्य होतं, तिला काही केल्या कळेना, शेवटी व्हिडिओ कॉलवर खण, तांदूळ, नारळ पदरात घेऊन दाखवलं तेव्हा म्हणाली हा शब्द तसाच ठेव, आणि मला ते फार पटलं.

प्रश्नकर्ती: हे भारीच, रविवारी सगळ्यांना वाचून दाखवते. पहिली कथा छोटी पाठवू ना, दोन पानांची?

प्रतिसाद २: हो, दोनच.