प्रतिसाद: पीडब्ल्यूएमने पिच?
आर्डुइनो उनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाच्या पीडब्ल्यूएम पिनवरून (ही झटपट चालू-बंद होऊन सरासरीने हवा तो व्होल्टेज देते) सिंथेसायझरच्या ऑसिलेटरची, म्हणजे स्वर काढणाऱ्या सर्किटची, पट्टी (पिच) सांभाळता येईल का, असं वर विचारलंय. फिल्टरच्या कटऑफला (आवाज कुठून कापायचा ते ठरवायला) चालेल, पिचला नाही. ५ व्होल्टचे २५६ भाग म्हणजे एक पायरी जवळपास २० मिलिव्होल्टची. एक व्होल्टला एक सप्तक या हिशेबात सप्तकातल्या बारांपैकी एक स्वर ८३.३ मिलिव्होल्टचा. म्हणजे पाव स्वराची पायरी, कान लगेच ओरडतो! शिवाय रिपल, म्हणजे चालू-बंदमुळे उरणारी थरथर, मारायला आरसी (रेझिस्टर-कपॅसिटर) फिल्टर वाढवला की स्वर घसरत घसरत पोचतो.

त्यापेक्षा एमसीपी४८२२ ही आकड्याचं व्होल्टेज करणारी चिप (डीएसी) घ्या. १२ बिट, ४.०९६ व्होल्ट, म्हणजे पायरी बरोबर १ मिलिव्होल्ट. पुढे टीएल०७२ या ऑप-अँप चिपने व्होल्टेज दुप्पट करा, आठ सप्तकं मिळतात. गेन, म्हणजे ही दुप्पट, मात्र मल्टिटर्न ट्रिमरनेच (अनेक फेऱ्यांत बारीक फिरणाऱ्या रेझिस्टरने) जुळवा, आणि शेवटी ट्यूनर लावून. गेटला, म्हणजे स्वर चालू-बंद करणाऱ्या सिग्नलला, साधी डिजिटल पिन पुरते, १ किलोओहमचा रेझिस्टर तेवढा घाला.