मदत हवी आहे: आईचं वॉरफेरिन आणि पावसाळ्यातला पाला

आम्ही देवगडजवळच्या गावात राहतो. आईच्या हृदयाची झडप लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने अरुंद झालीय, त्यात आता एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात. हातावर बोट ठेवलं की नाडी दोन ठोके पटपट, मग थांबते, मग एकदम जोरात. पहिल्यांदा मोजली तेव्हा माझाच जीव घाबरा झाला. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. म्हणून वॉरफेरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, चालू आहे. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचाय, मागच्या वेळी १.४ आला.

कारण बहुतेक टाकळा. पाऊस लागल्यापासून आई रोज टाकळा नाहीतर शेवग्याचा पाला करते, आणि पालेभाज्यांतलं व्हिटॅमिन के गोळीचा जोर कमी करतं. डॉक्टर म्हणाले, बंद करू नका, प्रमाण सारखं ठेवा. पण हंगामी भाजीचं प्रमाण सारखं कसं ठेवायचं? तुमच्या घरी कसं जमवता?

शिवाय आयएनआरसाठी दर वेळी कणकवली गाठावी लागते. बोटातल्या थेंबावर घरी तपासायचं मशीन कुणी वापरलंय का? लॅबच्या आकड्याशी जुळतं का? कृपया अनुभव सांगा.