जॅक, भवानी, पांडू: नावाचा शब्द कसा होतो?

तुळशीबागेजवळचा:

‘जॅक लावणे’ हा प्रयोग पुण्यात आता इतका रुळला आहे की तो बाहेरून आला असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. मुलाला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाला की शेजारी विचारतात, “जॅक लावला का?” ठरलेली बदली रद्द झाली की कचेरीत कुजबुज, “वरून जॅक लागलाय.” आणि कुणाची पोच फार वरपर्यंत असेल तर “त्याचा जॅक मोठा आहे.” वशिला हा जुना शब्द अजून आहेच, पण दोन्हींत फरक जाणवतो. वशिल्यात ओळखपाळख आहे, शब्द टाकणे आहे. जॅकमध्ये जोर आहे. जी गोष्ट आपल्या वजनाने जागची हलत नव्हती ती खालून कुणीतरी उचलून धरली, हे त्या शब्दात आपोआप येते.

कारण तो आला गॅरेजमधून. गाडी पंक्चर झाली की चाक काढायला जो लावतात तो जॅक. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागचा टप्पा मात्र फारसा कुणी पाहत नाही: यंत्राचे नाव होण्याआधी जॅक हे माणसाचे नाव होते. इंग्लंडमधले अगदी साधे, घरोघरी आढळणारे नाव. जॉनचे लाडके रूप म्हणून ते वापरात आले आणि इतके पसरले की पुढे ज्याचे नाव माहीत नाही असा कुठलाही पोऱ्या ‘जॅक’ झाला. निरोप्या जॅक, खलाशी जॅक, लाकूडतोड्याच्या नावाच्या शेवटीही जॅक. मग पोऱ्याने करायची कामे यंत्रे करू लागली तेव्हा यंत्रांनाही तेच नाव मिळाले. मालकाच्या पायातले बूट ओढून काढणारी लाकडी खाच म्हणजे बूट-जॅक. शेगडीवर मांसाची सळई फिरवत बसण्याचे काम आधी मुलांकडे असे, ते करणारे यंत्र आले तर तेही जॅक. ओझे उचलणारा जॅक याच घराण्यातला. हेडफोनची पिन जिथे खुपसतो तोही जॅकच, मात्र तिथे पोचेपर्यंत माणसाचा मागमूस राहिलेला नाही.

पत्त्यांत तर हे लख्ख दिसते. आपण ज्याला गुलाम म्हणतो त्याला इंग्रजीत पूर्वी ‘नेव्ह’ म्हणत, म्हणजे पोऱ्या, नोकर आणि पुढे लबाड. पानाच्या कोपऱ्यात अक्षरे छापायला लागल्यावर नेव्हचे ‘केएन’ आणि राजाचे ‘के’ यांची गल्लत होऊ लागली, तेव्हा ‘जे’ आला, म्हणजे जॅक. राजा आणि राणी यांना पदव्या, आणि तिसऱ्याला एक साधे हाक मारायचे नाव! फ्रान्समध्येही शेतकऱ्याला सरसकट ‘झाक’ म्हणण्याची सरदारांची रीत होती, आणि 1358 साली ते शेतकरी उठले तेव्हा त्या बंडाला नाव पडले ‘झाकेरी’.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. कुठलेही नाव शब्द होत नाही. जे नाव समोरच्याचे खरे नाव न विचारता मारलेली हाक बनते, तेच शब्द होते. सनदेवर किंवा पत्रिकेत लिहिलेले नाव तसेच राहते. हाकेतले नाव झिजते, आणि झिजले की त्यात काहीही भरता येते.

आपल्याकडे याची उदाहरणे कमी नाहीत. मुंबईत घरगड्याला सर्रास ‘रामा’ म्हणत. कोकणातून आलेल्या त्या माणसाचे नाव सदाशिव असो की यशवंत, शेटजींच्या घरात तो रामाच. रामागडी हा जोडशब्द तिथूनच पक्का झाला. हवालदार तो पांडू. 1975 साली दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ने हे नाव गावोगाव नेले आणि तेव्हापासून ते खाकी कपड्यांना चिकटून आहे. लंडनच्या पोलिसाला ‘बॉबी’ म्हणतात ते रॉबर्ट पीलवरून, कारण 1829 साली ते दल त्याने उभे केले. तिथे मंत्र्याचे नाव शिपायाला मिळाले. इथे शिपायाला शिपायाचेच नाव मिळाले, पांडुरंग, म्हणजे वारकऱ्यांच्या मुलखात ज्याची काही वाणच नव्हती असे.

आणि गॅरेजमध्ये आजही रोज ऐकू येणारे वाक्य बघा: “बारक्या, जॅक आण.” त्या मुलाचे नाव शाळेच्या दाखल्यावर काहीतरी असणारच. ते तिथे कुणी घेत नाही. आणि तो जे उचलून आणतो तेही कधीकाळी त्याच्यासारख्याच एका पोराचे नाव होते. हे कळल्यापासून मला तो शब्द सहज उच्चारता येत नाही.

आणखी कुठली नावे अशी शब्द झाली आहेत? वापरासकट सांगा. नुसती यादी नको.


भाजी आणणारी:

दादा, तुमच्या यादीत सगळे पुरुष आहेत. एक बाईचे नाव घ्या: भवानी.

मंडईत सकाळी लवकर गेलात आणि भाव करायला लागलात की गाळ्यावरची मावशी म्हणते, “ताई, भवानीची वेळ हाय, परत नका जाऊ.” भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. काही जणी ‘बोहनी’ म्हणतात, काही ‘भवानी’, आणि एकाच मावशीच्या तोंडून मी दोन्ही ऐकले आहे. मूळ शब्द बोहनी असावा आणि जवळच्या, पूज्य नावाकडे तो ओढला गेला असावा असे मला वाटते. कारण पहिली नोट ती कपाळाला लावते, मगच गल्ल्यात टाकते. देवीचे नाव तिथे शोभते.

पण त्याच मंडईत एखादी आवाजी बाई भांडायला उभी राहिली की तीच मावशी पुटपुटते, “आली बघा भवानी!” इथे भवानी म्हणजे जिच्या नादी लागू नये अशी. घरातही आया मुलींना म्हणतात, “उठा भवानीबाई, सूर्य डोक्यावर आला.” यात राग कमी आणि माया जास्त. शिवाय शिवाजी महाराजांची तलवार भवानी, आणि इथून हाकेच्या अंतरावर भवानी पेठ. एका सकाळी एकाच बाईच्या बोलण्यात यातले तीन अर्थ येऊन जातात, आणि ऐकणारीचा एकदाही गोंधळ होत नाही.

तुमचे ‘नाव न विचारता मारलेली हाक’ हे इथे लागू पडते का, ते मला कळत नाही. भवानी ही काही नोकराणीला मारायची हाक नव्हती. मला वाटते बायकांच्या बाबतीत रीत निराळी आहे. पुरुषाचे नाव त्याच्या कामाला चिकटते. बाईचे नाव तिच्या स्वभावाला चिकटवतात, आणि तो स्वभाव बहुतेक वेळा इतरांना खुपणारा असतो. ठमाकाकू, गंगूबाई आठवा. काकूबाई तर नावही नाही, नाते आहे, पण जिचे कपडे जुन्या वळणाचे तिला ते लावले की कॉलेजातली पोर रडकुंडीला येते. हे बदलायला हवे असे मला मनापासून वाटते.


सांगलीकर:

चर्चा चांगली चालली आहे. पण जॅकचा नियम बाजीरावापाशी अडतो. “स्वतःला मोठा बाजीराव समजतो काय?” हे रोजचे वाक्य. बाजीराव ही पोऱ्याला मारायची हाक नव्हे, ते पेशव्याचे नाव.

दुसरे एक उदाहरण उलट्या दिशेचे आहे. “विश्वास पानिपतात गेला” असे म्हणतात. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासराव पानिपतावर पडले, म्हणून विश्वास ही गोष्टच आता उरली नाही, असा त्याचा अर्थ. इथे नावाचा शब्द झाला नाही. शब्दाचे नाव झाले होते, ते पुन्हा शब्द झाले, आणि परत येताना सोबत एका लढाईचे दुःख घेऊन आले. असे दुसरे उदाहरण मला कुठल्याही भाषेत माहीत नाही.


संस्कृतचा मास्तर:

थोडी भर. संस्कृत व्याकरणात उदाहरणाला माणूस लागला की तो ‘देवदत्त’, आणि दुसरा लागला की ‘यज्ञदत्त’. देवदत्त गावाला जातो, देवदत्त भात शिजवतो. पतंजलीच्या महाभाष्यात तो जागोजागी भेटतो. म्हणजे कुणीही, अमका. हाच देवदत्त गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाचा शंख आहे. आणि योगग्रंथांत पाच उपप्राणांची, म्हणजे शरीरातल्या दुय्यम वायूंची, नावे येतात, नाग, कूर्म, कृकल, देवदत्त, धनंजय, त्यांत देवदत्ताकडे जांभईचे काम आहे. वर्गात हे सांगितले की मुले हमखास जांभई देतात.

सांगायचा मुद्दा हा की ‘अमका’ होण्यासाठी नाव हलके असावे लागत नाही. ‘देवाने दिलेला’ असा इतका चांगला अर्थ असूनही देवदत्त कुणीही झाला, कारण त्या नावाने कुणा एकाची आठवण होत नव्हती.


तुळशीबागेजवळचा:

तिघांचेही आभार. मास्तरांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे, त्यावरूनच बाजीरावाकडे येतो.

मराठीत नावाचा अर्थ कुठल्या बाजूला झुकणार हे नावाच्या शेपटावर ठरते, असे मला दिसते. एकच पांडुरंग घ्या. पांडू म्हटले की साधाभोळा किंवा हाताखालचा. पांड्या म्हटले की टारगट, बरोबरीचा, कट्ट्यावरचा. पांडोबा म्हटले की वयस्क, थोडा खेडवळ, पण मान राखलेला. पांडुरंगपंत म्हटले की उपरणे. बंडूचेही तेच. बंडू विनोदातला पोरगा, बंड्या चौकातला, आणि बंडोपंत कुणाचे तरी सासरे. इंग्रजीत एवढ्या पायऱ्या एका नावाला नाहीत. म्हणून आपल्याकडे नावाचा शब्द होतो तेव्हा पूर्ण नाव क्वचितच वापरले जाते. बोलताना ‘सोम्यागोम्या’ म्हणतो. ‘सोमाजी गोमाजी कापसे’ असेही म्हणतात, पण तिथे दोन नावे आणि आडनाव मुद्दाम थाटात जोडलेले असते. नुसते सोमाजी म्हटले की कुणीतरी खरा माणूस उभा राहतो, आणि मग त्याला कुणीही ठरवता येत नाही.

बाजीराव याच शिडीवर वरच्या टोकाला आहे. खालच्याला ‘्या’ लावून खाली ढकलता येते, तसे बरोबरीच्याला ‘राव’ लावून नको इतके वर चढवता येते. टोमणा त्या ‘राव’मध्ये आहे. बघा ना, पहिला बाजीराव 1740 साली रावेरखेडीला मोहिमेवर असतानाच वारला. दुसऱ्याने 1818 साली इंग्रजांपुढे हत्यार टाकले आणि उरलेले आयुष्य ब्रह्मावर्तात काढले. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक, पण “मोठा बाजीराव लागून गेलास” म्हणणारा यांतला कुठला ते कधीच सांगत नाही. त्याला दोघांपैकी कुणीच नको असतो, फक्त उंची हवी असते. दुसऱ्यासाठी ‘पळपुटा’ हे विशेषण वेगळे जोडावे लागते, नावात तो अर्थ शिरलेला नाही.

गोमाचे मात्र आणखी थोडे सांगायला हवे, कारण तो नुसता ‘कुणीही’ नाही. जुनी गोष्ट आहे: गोमा गणेश नावाच्या एका माणसाने स्वतःच एक शिक्का बनवला आणि वेशीच्या पितळी दरवाज्याशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात घ्यायला लागला. शिक्का आहे म्हणजे सरकारी असणार, असे धरून लोक पैसे देत राहिले. ‘गोमा गणेश पितळी दरवाजा’ म्हणजे अधिकार नसताना चाललेला कारभार. आता हा मुलखावेगळा हुशार माणूस आणि ‘सोम्यागोम्या’मधला काडीची किंमत नसलेला गोम्या, दोघे एकाच नावाचे! गोष्ट मागे पडली तसा पहिला अर्थ ओसरला. मला त्याचे वाईट वाटते. रस्त्यात परस्पर पार्किंगचे पैसे घेणारा माणूस दिसला की त्याच्यासाठी हाच नेमका शब्द आहे. तो पुन्हा वापरावा.

नाव सगळीकडे सापडते याचा उपयोग आपल्याच गावात एकदा फार वेगळ्या कामासाठी झाला. 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेगच्या बंदोबस्तावरचा इंग्रज अधिकारी रँड याची गाडी ओळखल्यावर चापेकर बंधूंची खुणेची आरोळी होती, “गोंद्या आला रे!” त्या काळच्या पुण्यात गोविंद किती असतील याची गणतीच नको. कुणीतरी कुणाला तरी बोलावतोय, असेच ऐकणाऱ्याला वाटणार. एखादे दुर्मीळ नाव तिथे चालले नसते. आज वर्गात मास्तर शिरताना किंवा साहेब जिना चढताना पोरे हेच वाक्य दबक्या आवाजात म्हणतात. त्यात गोविंद उरलेला नाही, ‘ज्याची वाट पाहत होतो तो आला, सावध’ एवढाच निरोप उरला आहे.

ताई, भवानीबद्दल तुमचे म्हणणे मला पटते. बाईच्या नावाला वेगळा न्याय लागतो. एक बारीकशी जोड: तुमच्या मावशीच्या तोंडी “आली बघा भवानी” यात भीतीही आहे. गंगूबाई म्हणण्यात भीती नाही. देवीचे नाव शिवीत आले तरी आपला धाक सोडत नाही.


भाजी आणणारी:

हो, हे खरे. ‘भवानी’ म्हटलेली बाई मागे वळून बघते, आणि मग म्हणणारीच गप्प होते.

पांडूबद्दल एक विचारायचे होते. माझा मुलगा गाडीवर असला की म्हणतो, “पुढच्या चौकात मामा आहे.” पांडू त्याच्या तोंडी मी कधी ऐकला नाही.


तुळशीबागेजवळचा:

बरोबर ऐकलेत. पुण्यात वाहतूक पोलीस आता मामाच. शिपाई मामा, रिक्षावाले काका, स्वयंपाकाच्या मावशी. नावाने हाक मारणे उद्धट वाटू लागले, तेव्हा त्या जागी नाती आली. पण खरे नाव विचारायचे नाही ही सवय तशीच राहिली, त्यामुळे नातीही झिजायला लागली आहेत. ‘मामा बनवणे’ म्हणजे फसवणे हा अर्थ तर जुनाच. आता चौकातल्या मामालाही तो कधीकधी लागतो: “मामाला मामा बनवून आलो.” सिग्नल तोडून आलेला मुलगा असे सांगतो तेव्हा एकाच वाक्यात तो शब्द दोनदा येतो, दोन्ही वेळा निराळ्या अर्थाने, आणि दोन्हींत आईचा भाऊ नाही.